गुण कळायच्या आधी सही करा

दहावीचा निकाल आता केव्हाही लागेल. तारीख बहुतेक वेळा आदल्या दिवशीच कळते, म्हणजे हे वाचताना तुमच्या हातात आठवडा असेल नाहीतर फक्त आजची रात्र. म्हणून पाल्हाळ नंतर, आधी मागणं.

आज रात्री जेवणं आटोपली की एक कागद घ्या. वहीचं मागचं पान चालेल. त्यावर आपल्या मुलाला किंवा मुलीला उद्देशून दोन ओळी लिहा: निकाल काहीही लागो, आधी मला सांग, त्या दिवशी मी गुणांबद्दल एक शब्द विचारणार नाही. खाली तारीख घाला आणि बँकेत करता तशी पूर्ण सही करा. आईनं करावी, वडिलांनी करावी, दोघं असतील तर दोघांनी. मग तो कागद मुलाच्या हातात द्या. मोबाइलवर पाठवू नका, तिथं तो आत्याच्या सुप्रभाताखाली गाडला जाईल.

हे नाटकी वाटेल, ठाऊक आहे मला. आपल्याकडे आईबाप मुलांना पत्रं लिहीत नाहीत, घरात बसून तर नाहीच. तरी लिहा. कारण आजवर तुम्ही त्याच्या शाळेच्या कागदांवर जेवढ्या सह्या केल्यात, त्या सगळ्या गुण पाहून केल्यात. ही एक गुण कळायच्या आधीची असू द्या.

सह्यांबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी गणित शिकवलं. वर्गशिक्षक म्हटलं की दर चाचणीला, सहामाहीला पन्नास-साठ प्रगतिपुस्तकं घरी पाठवायची आणि पालकांची सही होऊन आली की गोळा करायची, हे ओघानं आलंच. त्यांतल्या खोट्या सह्यांचा हिशेब मी कधी ठेवला नाही, पण डोळा तयार झाला. खरी सही घाईची असते. बापानं एका हातात चहाचा कप धरून, पुस्तक मांडीवर ठेवून केलेली, अर्धं आडनाव रेघेबाहेर गेलेलं. खोटी सही देखणी असते. सावकाश काढलेली, वळणावर पेन किंचित थबकलेलं, आणि मागच्या वेळच्या सहीशी तंतोतंत जुळणारी. कुठल्याही माणसाच्या दोन सह्या इतक्या सारख्या येत नाहीत. वही तपासायला घेतली आणि शेवटचं पान उघडलं, की तिथं सरावाच्या वीस-पंचवीस सह्या सापडत. शुद्धलेखनाला एवढी मेहनत घेतली असती तर मराठीच्या बाई धन्य झाल्या असत्या.

‘उद्या पालकांना घेऊन ये’ म्हटल्यावर भाड्याचे पालकही येत. एकदा एका पोरानं स्टँडसमोरच्या पानटपरीवाल्याला मामा म्हणून आणलं. मी त्याच टपरीवरून रोज सुपारी घ्यायचो. टपरीवाला मला बघून जो अवघडला, तो शेवटपर्यंत खुर्चीत बसलाच नाही.

पण हसण्यावारी न नेता आलेला एक प्रसंग आहे. आठवीतल्या एका मुलीच्या पुस्तकावर आईचा अंगठा होता. वडील नव्हते, आई रोजंदारीवर जाणारी. अंगठा निळ्या शाईचा. घरात शाईचं पॅड कुठलं असायला, पेनाची शाई लावली असेल, म्हणून मी काही म्हटलं नाही. मग ती पुस्तकं गोळा करून टेबलावर ठेवायला आली तेव्हा तिचा हात दिसला. अंगठ्याच्या रेषारेषांत रिफिलची शाई मुरलेली होती. दोन दिवस घासूनही न गेलेली. मी तिला व्हरांड्यात नेलं आणि माझ्या डोक्यात जो प्रश्न तयार होता तो विचारला, “आई मारते का गं?”

“नाही सर,” ती म्हणाली. “काहीच म्हणत नाही. नुसती बसून राहते.”

त्या दिवसापर्यंत मी समजत होतो, की पोरं मारापोटी सह्या करतात. मारकुट्या घरांतली करायचीच. पण नंतर नीट पाहायला लागल्यावर दिसलं, की खोट्या सह्यांचा मोठा भाग मायाळू घरांतून येत होता. ज्या घरांत आई डबल शिफ्ट करते, बाप स्वतःला चप्पल घेत नाही पण क्लासची फी वेळेवर भरतो, आणि हे सगळं मुलाला रोज दिसतं. कधी दिसतं, कधी ऐकवलंही जातं. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसलं’ हे वाक्य आपण प्रेमानंच म्हणतो; मुलाच्या कानात मात्र ते उधारीच्या वहीसारखं पडतं. मग गणितात अकरा गुण मिळाले की त्याला वाटतं, बुडवली आपण यांची रक्कम. बाप ओरडेल ही भीती परवडली, ओरडून बाप मोकळा होतो आणि पोरगं जेवून झोपतं. आई खचेल या भीतीला अशी वाट नसते. ती मूल एकट्यानं वागवतं. आणि ज्या घरात एवढी माया आहे त्या घरात एवढा एकटेपणा असेल, हे आईबापांच्या स्वप्नातही येत नाही. उलट ते म्हणतात, आमचं मूल आमच्यापासून काही लपवत नाही.

मला विचाराल तर आपलं नातं कसं आहे हे तपासायची एकच कसोटी आहे, आणि तिला खर्च येत नाही. वाईट बातमी पहिल्यांदा कुणाकडे जाते? मोबाइलची काच फुटली, परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला, पेपर कोरा सोडला, कुणी त्रास देतंय, कुणी आवडलंय आणि ते फिसकटलंय, हे सगळं आधी कुणाला कळतं? मित्राला, मावशीला, रिक्षावाल्या काकांना, की तुम्हाला? चांगल्या बातम्या सगळेच घरी आणतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. आपण किती केलं याची यादी काढू नका. ती सगळ्यांचीच लांब निघते. आज रात्री फक्त एवढं आठवा, की त्यानं किंवा तिनं तुम्हाला स्वतःहून सांगितलेली शेवटची वाईट बातमी कोणती. सहा महिन्यांत एकही आठवली नाही, तर मूल फार गुणी आहे असं समजून निर्धास्त होऊ नका.

आता घाई का, ते सांगतो. २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या दहावीला राज्याच्या नऊ विभागीय मंडळांतून सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी बसले. निकाल ९४.१० टक्के लागला. शंभर टक्के गुण २११ जणांना मिळाले, आणि त्यांचे पेढे भरवतानाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण ९४.१० या आकड्याची दुसरी बाजू म्हणजे नव्वद हजारांहून जास्त मुलं. नव्वद हजार घरांत त्या दुपारी काय झालं असेल, याचा फोटो कुठं छापून येत नाही. त्यात ज्यांना ऐंशीची अपेक्षा होती आणि अडुसष्ट पडले, ती धरलेलीच नाहीत. आणि माझा अनुभव असा, की काही घरांत पस्तिसापेक्षा हे अडुसष्टच जास्त जड जातात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४ होते, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. यांतलं प्रत्येक मूल परीक्षेपायी गेलं असं नाही, आणि कुणीही एकाच कारणानं जात नाही. त्यांच्या आईबापांकडे बोट दाखवायचा तर कुणालाच हक्क नाही. पण निकालाच्या दिवसांत पोरं एकटी पडतात, हे शाळेत काम केलेल्या कुठल्याही शिपायालासुद्धा माहीत असतं. आमच्या शाळेचे शिपाई निकालाच्या दिवशी शाळेमागच्या विहिरीवर एक चक्कर टाकून येत. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहताना दोन रकाने भरावे लागतात. एक आसनक्रमांक आणि दुसरं आईचं पहिलं नाव. एवढ्या मोठ्या खात्यानं हे सुरक्षेसाठी केलं असणार, दुसरं काही मनात नसणार. पण राज्यातली लाखो पोरं एकाच दुपारी, एकाच वेळी, थरथरत्या बोटांनी आपापल्या आईचं नाव टंकत असतात, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणतो तेव्हा मला पोटात कालवतं. नाव घातलं की पान उघडतं. पुढची बातमी त्या नावाच्या बाईपर्यंत किती वेळानं पोचते, ते ज्यानं त्यानं आपल्या घरापुरतं पाहावं.

इथवर मी दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोललो. आता माझ्या घराचं.

माझा मुलगा आठवीत असताना त्याला गणिताच्या चाचणीत पन्नासपैकी चौदा मिळाले. गणिताच्या मास्तरच्या पोराला. तो दुसऱ्या शाळेत होता, त्यामुळे मला पत्ता नव्हता. त्याचे वर्गशिक्षक एका लग्नात भेटले आणि अक्षता पडल्यावर, पंगतीला बसता बसता म्हणाले, “सर, पुस्तकावरची सही तुमचीच ना?” सही माझी नव्हती. दोन दिवसांनी त्यांनी पुस्तक दाखवलं. सही माझ्यापेक्षा चांगली होती. हजारो खोट्या सह्या ओळखणारा मी. माझ्या घरात ती गिरवली जात होती तेव्हा मी बहुधा पलीकडच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासत होतो.

मी त्याला मारलं नाही. याचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता. मी फक्त त्याच्या सहीशेजारी माझी सही केली, पुस्तक त्याच्या दप्तरावर ठेवलं आणि आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही.

अबोला ही आपल्याकडची सभ्य घरांतली शिक्षा. वळ उठत नाहीत, शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. ती काय असते हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर कळलं. एड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. काही महिन्यांचं तान्हं बाळ आणि त्याची आई समोरासमोर. आई आधी नेहमीसारखी खेळते, हसते. मग तिनं काही मिनिटं चेहरा अगदी कोरा करायचा. रागवायचं नाही, उठून जायचं नाही, नुसतं निर्विकार बघत राहायचं. बाळ पहिल्यांदा हसून बघतं. मग हात पुढं करतं, आवाज काढतं, जे जे त्याला आजवर उपयोगी पडलं ते सगळं करून आईला परत आणू पाहतं. काहीच होत नाही तेव्हा ते तोंड फिरवतं, आक्रसतं, रडतं. या प्रयोगाची चित्रफीत मी पाहिली आणि मला तो आठवडा आठवला. पहिले दोन दिवस पोरगा माझ्या चपला नीट लावून ठेवत होता. न सांगता पाणी आणून देत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं ते सोडून दिलं. शिक्षा लागू पडली असं मी तेव्हा समजलो होतो.

त्याच ट्रॉनिकचं दुसरं म्हणणं मात्र आपल्यासारख्यांना धीर देणारं आहे. चांगल्या, प्रेमाच्या नात्यांतसुद्धा आई आणि बाळ यांचं बराच वेळ जुळत नसतं, असं त्याला दिसलं. आई एकीकडे बघते, बाळ दुसरीकडे. बाळाला खेळायचं असतं, तेव्हा आई दमलेली असते. चुकतं, मग दोघांपैकी कुणीतरी ते दुरुस्त करतं, पुन्हा जुळतं. नातं या दुरुस्तीतून घट्ट होत जातं. म्हणजे आजवर चुकलं असेल तर ठीक आहे, चुकतंच. माझ्या घरी दुरुस्तीला वीस वर्षं लागली, तेवढी तुम्ही लावू नका.

वीस वर्षांनी मी त्याच्याकडे तो विषय काढला. म्हटलं, त्या वेळी माझं चुकलं. तो हसला. “अप्पा, मला गुण आठवत नाहीत आता. सही थोडीफार आठवते. पण तुम्ही जेवताना भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवायचात आणि भिंतीकडे बघायचात, ते आठवतं.” पुढं तो काही बोलला नाही, मीही नाही. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली. मला तीन महिन्यांनी कळलं. म्हणजे दुरुस्ती अजून चालू आहे.

तर आजचा कागद त्या दुरुस्तीची सुरुवात म्हणून लिहा. लिहिता येत नसेल तर बोला, पण डोळ्यांकडे बघून. आपल्याला स्वतःला कधी काय जमलं नव्हतं ते सांगा. आपल्या नापासाच्या गोष्टी आपण पोरांपासून फार जपून ठेवतो. आणि निकालाच्या दिवसापुरता एक चेहरा आधी ठरवून ठेवा. वाईट आकडा पाहिल्यावर चेहऱ्यावर जे पहिल्या क्षणात उमटतं, ते मूल वाचतं; नंतर तोंडानं ‘असू दे रे’ म्हटलेलं फारसं धरत नाही.

वाईट निकालाचं पुढं काय, हेही आजच समजून घ्या, म्हणजे त्या दुपारी तुमचा धीर सुटणार नाही. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा त्याच जून-जुलैत होते, पूर्वीसारखं ऑक्टोबरची वाट बघत घरी बसावं लागत नाही. गुण पटत नसतील तर गुणपडताळणी होते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. हे सगळं दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी नाही.

काका, मामा, आत्या, शेजारी, तुम्हालाही हात जोडतो. निकालाच्या दिवशी दुपारी फोन करून ‘किती पडले?’ विचारू नका. तुम्हाला त्या आकड्याचं काहीही काम नसतं. सांगण्याजोगे असतील तर पेढ्यांसह तुमच्या दारी येतील. नाही आले, तर चार दिवसांनी पोराला नुसतं जेवायला बोलवा. आईबापांनी मुलाची गुणपत्रिका स्टेटसला लावू नये, चांगली असली तरी. तुमच्या फोनमधल्या कुणाच्या तरी घरी त्या क्षणी दार लावून एक पोर बसलेलं असतं. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सबद्दल बोलून उपयोग नाही, ते ऐकणार नाहीत. पण माझ्या शिक्षक बांधवांनी एवढं करावं. वर्गातली जी मुलं राहतील असं तुम्हाला मनातून माहीत आहे, त्यांची यादी आज करा आणि त्या संध्याकाळी पहिले फोन त्यांना लावा. पहिल्या आलेल्यांना फोन करणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक, याला उशीर चालणार नाही. मूल या दिवसांत गप्प गप्प झालं असेल, झोप-जेवण तुटलं असेल, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसलो तर बरं’ असं हसत का होईना म्हणालं असेल, तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतोय का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्यानं बहुधा मूल मोकळं होतं. उत्तर ऐकताना समजावू नका, रागावू नका, देवाच्या शपथा घालू नका. ऐका, आणि त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली मानसचा क्रमांक आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही क्रमांक कागदावर लिहून फ्रिजला लावा. तिथं घरातला जो तो दिवसातून दहा वेळा जातो, आणि बघितलेलं कुणाला कळतही नाही.

निकाल साधारण दुपारी एकला उघडतो. त्या दिवशी स्वयंपाक साडेअकरालाच उरका आणि मुलाबरोबर बसून जेवून घ्या. एकनंतर घास उतरत नाही, चांगल्या निकालाचासुद्धा. भाताचं पातेलं सरकवताना त्याच्याकडे बघा.